आधी बोर्डिंग, मग विद्यापीठ

स्नेहमेळाव्यासाठी आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचची यादी तयार झाली आहे. तिच्यात 'दहावीनंतरचे शिक्षण कोठे' असा एक रकाना आहे. तो वरपासून खालपर्यंत वाचला तर गावांची नावे चार-पाचच निघतात. सर्वांत जास्त कोल्हापूर, मग सांगली, कऱ्हाड, पुणे, मुंबई. शाळेने आपल्याला दहावीपर्यंत आणून सोडले आणि पुढे या गावांनी आपल्याला ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे अगदी शब्दशः. कुणी बोर्डिंगात राहिले, कुणी मावशीकडे, कुणी चौघांत एक खोली घेऊन. कुणाचा डबा पहाटेच्या एसटीने येत असे आणि स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यावा लागे.

कॉलेजांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत संस्थापक असतात, प्राचार्य असतात, इमारतींच्या कोनशिला असतात. विद्यार्थी रात्री झोपला कुठे आणि दुपारी जेवला काय, हे त्यांत सापडत नाही. वास्तविक गाव आणि विद्यापीठ यांच्यातला पहिला व्यवहार तोच असतो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. इतिहास मी हौसेने वाचते. पण गेली काही वर्षे या एका प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, त्यातले कोल्हापूरपुरते इथे मांडते आहे. कोल्हापूरने या बाबतीत जे केले, ते जगात फारशा गावांनी केलेले नाही आणि आपल्यापैकी निम्म्याअधिक जणांनी त्याचा फायदा घेतला आहे.

भांडणातून झालेले करार

कोल्हापूरचे वेगळेपण कळायला आधी थोडे दूर जावे लागेल. आज आपण ज्याला विद्यापीठ म्हणतो ती संस्था युरोपात बाराव्या-तेराव्या शतकात आकाराला आली. तेव्हा विद्यापीठाला स्वतःची इमारत नसे. शिक्षक भाड्याच्या खोलीत किंवा चर्चमध्ये शिकवत आणि मुले गावात मिळेल तिथे राहत. घरमालक भाडी वाढवत, बेकरीवाला वजनात मारत असे, आणि मुलेही काही कमी नव्हती. भांडणे होत. भांडण हाताबाहेर गेले की विद्यापीठाकडे एकच हत्यार असे, गाव सोडून जाणे.

इंग्लंडातल्या ऑक्सफर्डमध्ये १२०९ साली असेच झाले. एका विद्यार्थ्याच्या हातून एक बाई मारली गेली आणि तो पळून गेला. गावकऱ्यांनी त्याच्याबरोबर राहणाऱ्या दोघा-तिघांना फासावर चढवले. त्यावर शिक्षक आणि विद्यार्थी ऑक्सफर्ड सोडून निघाले. त्यांतले काही केंब्रिजला जाऊन राहिले. केंब्रिज विद्यापीठाची सुरुवात ती. गावाचा धंदा बसला. शेवटी १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने समेट घडवला. त्या समेटाची कलमे पाहण्यासारखी आहेत. विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे भाडे दहा वर्षे निम्मे करायचे. गरीब विद्यार्थ्यांसाठी गावाने दरवर्षी ५२ शिलिंग द्यायचे. आणि डिसेंबरातल्या सेंट निकोलसच्या सणाला १०० गरीब विद्यार्थ्यांना गावाने जेवू घालायचे. जेवणात काय असावे, तेही लिहून ठेवले होते.

इटलीतल्या व्हर्चेल्ली नावाच्या गावाने तर भांडण व्हायची वाट पाहिली नाही. पडुआचे विद्यार्थी तिथे नाराज आहेत असे दिसताच या गावाने १२२८ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांशी लेखी करार केला. आमच्याकडे या, आम्ही ५०० चांगली घरे देतो. भाडे दोन्ही बाजूंची माणसे बसून ठरवतील. चौदा शिक्षकांचा पगार गाव देईल. धान्याचा साठा ठेवू, विद्यार्थ्यांना कमी व्याजाने कर्जही देऊ. आमच्या व्यवसायात गिऱ्हाइकाशी करार करताना कोणती सेवा, किती आणि कोणत्या दराने, ते कलमवार लिहितात. व्हर्चेल्लीचा करार मला त्याच जातीचा वाटला. ते विद्यापीठ फार टिकले नाही, पण आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्याला गावात आणायचे तर काय काय लागते, याची इतकी स्वच्छ यादी मला दुसरीकडे मिळाली नाही. घर, भाडे, धान्य, कर्ज, शिक्षक. त्यातही पहिले कलम घराचे.

ऑक्सफर्डचे वैर मात्र मिटले नाही. १० फेब्रुवारी १३५५ रोजी एका गुत्त्यात, दारू चांगली नाही म्हणून दोघा विद्यार्थ्यांनी कुरबुर केली. त्यातून जी दंगल पेटली तिच्यात ६३ विद्यार्थी आणि सुमारे ३० गावकरी मारले गेले, असे परंपरेने सांगतात. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली आणि बाजारातल्या पावाचे व दारूचे वजन-माप तपासण्याचा अधिकारच विद्यापीठाला दिला. गावच्या महापौराने दरवर्षी त्या तारखेला चर्चमध्ये जाऊन प्रायश्चित्त म्हणून पैसे भरायचे, अशी शिक्षाही झाली. ती पद्धत १८२५ पर्यंत चालू होती. १९५५ मध्ये, म्हणजे दंगलीला ६०० वर्षे झाल्यावर, विद्यापीठाने महापौरांना मानद पदवी दिली आणि गावाने कुलगुरूंना मानद नागरिक केले, तेव्हा कुठे प्रकरण रीतसर मिटले.

थोडक्यात, तिकडे आधी विद्यार्थी आले, मग भांडण झाले आणि मग राहण्या-जेवणाचा बंदोबस्त झाला. कोल्हापुरात हा क्रम उलटा आहे.

वार, आणि वार नसलेली मुले

आपल्याकडे शिकायला परगावी गेलेल्या मुलाच्या जेवणाची एक जुनी सोय होती. वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात वार. काही मुले माधुकरी मागत. जुन्या आत्मचरित्रांतून वारांच्या हकिकती आपण वाचल्या आहेत. कुठे प्रेमाने वाढत, कुठे अपमानाचा घास असे, आणि एखादा वार रिकामा असला तर त्या दिवशी उपास. तरीही ती सोय होती. शहराने आपल्या घरांतून विद्यार्थ्यांना दिलेली ती शिष्यवृत्तीच म्हणायची.

पण ही सोय ब्राह्मण मुलांपुरती होती. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या कुठल्याही आळीत कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या, महाराच्या मुलाला वार मिळणार नव्हता. त्याच्यापुढे शाळेचे दार उघडे असले, तरी संध्याकाळी पाठ टेकायला त्याला गाव नव्हते.

ज्यांना जातीची अडचण नव्हती त्यांनाही पैशाची होतीच. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरात शिकत असताना १८७९ मध्ये त्यांचे वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपये पगारावर नोकरीला लागले आणि त्यांतले ८ रुपये दरमहा धाकट्या भावाला पाठवू लागले. एका घराच्या मिळकतीचा निम्म्याहून मोठा वाटा एका मुलाला शहरात ठेवण्यासाठी जात होता. पुढे गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात काही काळ शिकले आणि मग पुण्या-मुंबईला गेले. आज कोल्हापुरात त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. त्या ८ रुपयांची आठवण ठेवायला ते नाव बरे आहे.

राजाराम कॉलेज १८८० चे. पदवी मुंबई विद्यापीठाची. म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या राजधानीत कॉलेज होते, प्राध्यापक होते, वर्ग होते. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायची जागा तेवढी नव्हती. कॉलेजला जोडून वसतिगृह होते आणि ते नावाला सर्वांसाठी खुले होते, पण प्रत्यक्षात तिथे एकाच जातीची मुले राहत.

१९०१

शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. पुढची काही वर्षे दुष्काळ आणि प्लेग यांतच गेली. त्यातून संस्थान सावरते न सावरते तोच, १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत मुलांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, त्याच वर्षी दैवज्ञांचे आणि शिंपी समाजाचे. पुढे पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, नाभिक असे करत १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत विसाहून अधिक वसतिगृहे उभी राहिली. १९०१ च्या खानेसुमारीत कोल्हापूर शहराची वस्ती सुमारे ५४ हजार होती. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे ते शहर. त्याने वीस वर्षांत वीस बोर्डिंगे उभी केली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

ही वसतिगृहे कशी उभी राहिली, तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराजांनी ती सरकारी खाते म्हणून काढली नाहीत. दरबार जागा देई, कुठे इमारत देई, कुठे वर्षासन बांधून देई. बाकीचे त्या त्या समाजाने करायचे. समिती नेमायची, वर्गणी जमवायची, धान्य गोळा करायचे, मुले निवडायची, अधीक्षक ठेवायचा. पेठेतला व्यापारी, वकील, कारकून, सुतार, सोनार यांना अशा रीतीने कॉलेजच्या कामात ओढले गेले. त्यांच्यापैकी अनेकांनी कॉलेजची पायरीही चढलेली नसेल. पण बोर्डिंगात या महिन्याला जोंधळा किती लागला, हे त्यांना ठाऊक असे. दरबाराचा पैसा एखाद्या वर्षी आटला, तरी बोर्डिंग बंद पडू नये, एवढी माणसे त्याला बांधली गेली होती. शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही यांतली बरीच बोर्डिंगे चालू आहेत, याचे कारण मला इथे दिसते.

दुसरी गोष्ट तारखांची. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. तो हुकूम सर्वांना माहीत असतो. पण राखीव जागा भरायला शिकलेली मुले लागतात, आणि खेड्यातली मुले शिकायची तर ती शहरात राहिली पाहिजेत. बोर्डिंगे वर्षभर आधी निघाली, हुकूम नंतर आला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, तेव्हा त्या शाळांतून वर येणाऱ्या मुलांसाठी शहरात जागा तयार होती. हा क्रम पाहिला की एखाद्या कसलेल्या इंजिनिअरने आराखडा करावा तसे वाटते. पायाभूत काम आधी.

कधी कोल्हापूरला गेलात तर दसरा चौकात थोडा वेळ थांबा. महाराजांच्या पुतळ्याच्या आसपास मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायतांचा मठ, मिस क्लार्क बोर्डिंग ही सगळी हाकेच्या अंतरावर आहेत. शहराबाहेर कुठेतरी एका कोपऱ्यात विद्यार्थ्यांची वस्ती करून टाकली नाही. मध्यवस्तीत, लोकांच्या डोळ्यांसमोर ती ठेवली. आपण स्टँडवरून गावात जाताना या पाट्या शेकडो वेळा पाहिल्या, पण त्या सगळ्या एकाच योजनेतल्या आहेत हे आपल्याला शाळेत कुणी जोडून सांगितले नव्हते.

जातीच्या भिंती

या चित्राची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. ही वसतिगृहे जातवार होती. एका चौकात सगळी असली, तरी प्रत्येकाची चूल वेगळी. त्या काळात सर्वांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न फसलेला होता आणि मुले आधी शहरात तर येऊ देत, हा महाराजांचा हिशेब होता. तो हिशेब समजतो. पण त्याची किंमतही मुलांनाच मोजावी लागली.

हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा मुलगा राजाराम हायस्कूलमध्ये शिकत होता आणि जैन बोर्डिंगात राहत होता. १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो मुद्दाम गेला. परत आल्यावर त्याला अंघोळ करून मगच आत यायला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. प्रकरण वाढत गेले आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. म्हणजे एका बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला म्हणून दुसऱ्या बोर्डिंगातून त्याला जावे लागले. दोन्ही बोर्डिंगांना आधार एकाच राजाचा होता.

भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण पुढे फार झाले नाही. पण त्या बोर्डिंगातून त्यांनी दोन गोष्टी बरोबर नेल्या. मुलांना शिकवायचे तर त्यांच्या राहण्याची सोय हवी ही एक, आणि ती सोय जातीने वाटायची नाही ही दुसरी. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे मिळून करत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे नाव छत्रपती शाहू बोर्डिंग ठेवण्यात आले. कोल्हापूरच्या बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या मुलाने काढलेल्या बोर्डिंगला शाहू महाराजांचेच नाव लागले. एकदा मुलांच्या जेवणाला पैसे नव्हते, तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले मंगळसूत्र मोडले, ही हकिकत आपल्यापैकी ज्यांनी 'रयत'च्या कॉलेजात शिक्षण घेतले त्यांना तोंडपाठ असेल. वर्गणी, धान्य, मंगळसूत्र. या इतिहासात पैसा कुठून आला ते पाहत गेले, की तो नेहमी असाच कुणाच्या तरी घरातून आलेला सापडतो.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 'कमवा आणि शिका' हे तिथले तत्त्व. मुलाने शेतावर, बांधकामावर, कार्यालयात काही तास काम करायचे आणि त्यातून आपला राहण्या-जेवणाचा खर्च भागवायचा. मदत घेणारा मुलगा आता मिंधा राहिला नाही. वारांच्या पद्धतीत जो अपमानाचा घास होता, तो इथे गेला.

१९६२

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या भागातली कॉलेजे त्याला जोडली गेली. परीक्षेचे, निकालाचे, पदव्युत्तर शिक्षणाचे काम असेल तर पुणे गाठावे लागे. दक्षिण महाराष्ट्राला स्वतःचे विद्यापीठ हवे ही मागणी कोल्हापुरातून जोर धरत गेली. बाळासाहेब देसाई यांनी शिक्षणमंत्री असताना तिचा पाठपुरावा केला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तारीख लक्षात घ्या. सीमेवर चीनशी युद्ध चालू होते आणि दोन-तीन दिवसांत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जायचे होते. अशा दिवसांतही तो कार्यक्रम पुढे ढकलला गेला नाही.

सुरुवातीला ३४ महाविद्यालये, सुमारे १४ हजार विद्यार्थी आणि पाच पदव्युत्तर विभाग. कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी. जागा शहराच्या पूर्वेला सागरमाळावर, खडकाळ, उघडी. आज तिथली झाडी पाहून तो माळ होता यावर विश्वास बसत नाही. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी विभाग उभे केले, इमारती उभ्या केल्या, माळावर पाणी अडवले, झाडे लावली. आणि त्याबरोबर खेड्यातून आलेल्या गरीब मुलांसाठी 'कमवा आणि शिका' योजनेचे विद्यार्थी भवन सुरू केले. त्या भवनाला आज त्यांचेच नाव आहे. साताऱ्याची कल्पना अशी फिरून कोल्हापुरात आली.

म्हणूनच या लेखाचे शीर्षक. मराठा बोर्डिंग १९०१ चे आणि विद्यापीठ १९६२ चे. मध्ये ६१ वर्षे. ऑक्सफर्डला विद्यार्थी आधी आले आणि गावाने नाइलाजाने त्यांना भाकरी घातली. कोल्हापूरने दोन पिढ्या खेड्यांतल्या मुलांना ठेवून घेतले, जेवू घातले, आणि त्या मुलांतून इतके शिकलेले लोक तयार झाले की त्यांना विद्यापीठ मागता आले. विद्यापीठ वरून दिले गेले असते तर ते शहराबाहेरच्या माळावर एक सरकारी वसाहत होऊन बसले असते. तसे झाले नाही, कारण ते यायच्या आधीच शहराला विद्यार्थी सांभाळायची सवय लागली होती.

विद्यापीठानेही शहराचे देणे वेळोवेळी फेडले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी उपसा केंद्रांत शिरले आणि शहराचे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी अवस्था. त्या दिवसांत विद्यापीठाने आपल्या आवारात साठवलेले पाणी शहराला पुरवले. माळावर अडवलेले पाणी, ज्यांनी या माळावर विद्यापीठ मागितले त्यांच्याच घरी असे पोहोचले.

यादीत नसलेल्या

बोर्डिंगांची यादी पुन्हा वाचली की एक गोष्ट खटकते. ती जवळजवळ सगळी मुलांची आहेत. शाहू महाराज स्त्री-शिक्षणाच्या विरोधात होते असे अजिबात नाही. कृष्णाबाई केळवकर यांना शिष्यवृत्ती देऊन त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पाठवले आणि त्या डॉक्टर झाल्या. मुलींच्या शाळांवर त्यांचे लक्ष असे. पण खेड्यातल्या मुलीने शहरात येऊन राहायचे, ही कल्पनाच तेव्हाच्या समाजाला पेलणारी नव्हती. १९४५ मध्ये व्ही. टी. पाटील यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी ताराराणी विद्यापीठ ही संस्था काढली आणि पुढे तिचे कमला कॉलेज निघाले, तेव्हा ही उणीव थोडी भरून आली.

आपल्या बॅचची यादी या नजरेने पाहा. शहरात जाऊन शिकलेल्या मुलांच्या नावापुढे बोर्डिंग, होस्टेल, खोली असे काहीही असेल. शिकलेल्या मुलींच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येकीचे शहरात एखादे घर होते. आत्याचे, मामाचे, वडिलांच्या मित्राचे. ज्यांच्या नावापुढे तो रकाना रिकामा आहे, त्यांतल्या काही जणी गणितात माझ्यापुढे होत्या. हे सर-बाईंनाही आठवत असेल. त्यांचे गुण कमी नव्हते. शहरात त्यांना मामा नव्हता.

फीचा प्रश्न त्याआधीच बऱ्यापैकी सुटला होता. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फीमाफी मिळाली. आपल्या वडिलांच्या पिढीला 'ईबीसी' हा शब्द त्यातूनच मिळाला. आज मुलींना एसटीचा पास मोफत आहे, शिष्यवृत्त्या आहेत, फीच्या सवलती आहेत. या सगळ्या योजना कॉलेजच्या दारापर्यंत आणतात. दारापलीकडचा खर्च, म्हणजे खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे, बहुतेक घरांना स्वतःच करावा लागतो. शहरातली भाडी आपल्या वेळची राहिलेली नाहीत. जुन्या बोर्डिंगांत जागा मोजक्या, सरकारी वसतिगृहांत यादी मोठी. परिणामी कितीतरी मुले-मुली दोन वेळचा एसटीचा प्रवास करून कॉलेज करतात आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला पोहोचत नाहीत. १२१४ सालच्या ऑक्सफर्डच्या समेटातले पहिले कलम खोल्यांच्या भाड्याचे होते आणि आजही अडचण तिथेच आहे.

आपला निधी

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यावे, यावर आपल्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली. शाळेच्या दारात कमान बांधावी अशी एक सूचना आहे, एका वर्गात डिजिटल फळा बसवावा अशी दुसरी. दोन्ही चांगल्या भावनेने आलेल्या आहेत आणि मी संगणकवाली म्हणून दुसरीला पाठिंबा देईन असे काहींनी गृहीतच धरले होते. माझी तिसरी सूचना आहे, ती या लेखाच्या निमित्ताने लेखी देते.

शाळेतून दहावी किंवा बारावी होऊन शहरात शिकायला जाणाऱ्या दोन मुलींचा राहण्या-जेवणाचा खर्च आपल्या बॅचने दरवर्षी उचलावा. फी नको, लॅपटॉप नको. खोली आणि मेस. मुलींची निवड शाळेतल्या शिक्षकांनी करावी, आपण नाही. जातीचा रकाना अर्जात नसावा. कोल्हापूर, सांगली, पुणे येथे आपल्यापैकी जे स्थायिक आहेत त्यांच्यातून प्रत्येक शहरात एकाने पालक म्हणून नाव द्यावे. पहिल्या दिवशी स्टँडवर घ्यायला जाणे, खोली बघून देणे, आजारी पडली तर दवाखान्यात नेणे, एवढेच काम. पैसे दरमहा, थोडे थोडे आणि पुष्कळ जणांनी द्यावेत. एकाने मोठी देणगी दिली की बाकीचे सुटतात, हे बोर्डिंगांच्या इतिहासात वारंवार दिसते आणि अनेकांची लहान वर्गणी असलेली बोर्डिंगे टिकलेली दिसतात.

हिशेबाची पत्रके मी ठेवीन. पुण्याच्या पालकांमध्ये माझे नाव घालावे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सत्रात या विषयाला पंधरा मिनिटे द्यावीत, अशी संयोजकांना विनंती आहे. त्या दिवशी हजर असणाऱ्या आपल्या सर-बाईंपैकी कुणी निवड समितीत यायला तयार असतील, तर त्यांची नावे तिथेच लिहून घेऊ.